गोळीची किंमत आणि दोन बायांची हरकत

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आरोग्य उपसमितीच्या ताईंनी केलेले भाषण. त्या बोलल्या तसेच छापत आहोत.)



मला सांगितलं, दहा मिनिटं बोला, विषय आरोग्य. तुम्हाला वाटलं असेल, ही आता हिमोग्लोबिन आणि शेवग्याच्या भाजीवर बोलणार. पण मी आज टीबीवर बोलणार आहे, आणि जगातल्या पैशावर. हसू नका गं. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला जगाचा हिशोबही कळू शकतो.

आधी घरचं सांगते. २०१५ साली माझ्या धाकट्या जावेला टीबी झाला. साध्या गोळ्यांना दाद न देणारा. रोज एक सुई, अशा कितीतरी महिने सुया. मग तिला कुकरची शिट्टी ऐकू येईना. आम्ही म्हटलं, अशक्तपणा असेल. डॉक्टरांना सांगेपर्यंत दोन्ही कान गेले होते. टीबी बरा झाला, कान काही परत आले नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर सभेत कधी बोलले नाही. तिचं ताट-वाटी मीच वेगळं काढून पडवीत ठेवलं होतं. टीबी भांड्यातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जाऊ आज इथंच बसलीय. मी काय बोलतेय ते तिला तिची मुलगी लिहून दाखवतेय.

तर तेव्हा सुईच्या जागी घ्यायची एक गोळी निघालेली होती. नाव बेडाक्विलिन. २०१२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पण ती महाग, आणि एकाच कंपनीच्या हातात. आपल्याकडे टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात हे खरं. पण सरकारला ती विकतच घ्यावी लागतात ना? महाग असली की कमी घेतली जातात, आणि थोड्याच जणांना मिळतात.

आता मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची गोष्ट ऐका. भरतनाट्यम शिकलेल्या, पुढे पत्रकार झाल्या. त्यांना आतड्याचा टीबी झाला आणि २०१३ मध्ये औषधांमुळे त्यांचे कान गेले. तिकडे दक्षिण आफ्रिकेत फुमेझा तिसिले नावाच्या बाईचंही तसंच झालं. देश वेगळे, भाषा वेगळ्या, दुखणं एक. कंपनीच्या मूळ पेटंटची मुदत २०२३ च्या जुलैत संपणार होती. पेटंट म्हणजे मक्ता समजा, तेवढ्या काळात दुसऱ्या कोणी ते औषध बनवायचं नाही. कंपनीला गोळीच्या थोड्या वेगळ्या रूपावर आणखी एक पेटंट हवं होतं, म्हणजे मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता. या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत नोंदवली. आपण ग्रामसभेत नोंदवतो तशीच, लेखी. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गरीब देशांसाठी टीबीची औषधं एकत्र खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेला सहा महिन्यांचा कोर्स १३० डॉलरला मिळू लागला. आधीच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. कंपनीवर जगभरातून दबाव होता, आपल्याकडच्या कंपन्याही ती गोळी बनवायला पुढे आल्या होत्या. एकट्या हरकतीने झालं असं मी म्हणत नाही. पण हरकत नसती तर?

हे झालं किमतीचं. आता पैसा येतो कुठून? एड्स, टीबी आणि मलेरिया या तीन रोगांसाठी २००२ साली ग्लोबल फंड सुरू झाला. त्याचं कार्यालय जिनिव्हाला. मला तर तो आपल्या गटासारखाच वाटतो. दर तीन वर्षांनी देश जमतात आणि आपापली वर्गणी जाहीर करतात. भारत त्यातून घेतो आणि त्यात भरतोही, आपण गटात बचत भरून कर्ज घेतो तसं. आपल्या टीबी कार्यक्रमाचा बहुतेक खर्च आपलंच सरकार करतं. पण आफ्रिकेतल्या कितीतरी देशांची भिस्त याच पैशावर आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, या फंडाच्या मंडळावर रोग भोगलेल्या लोकांच्या प्रतिनिधीलाही जागा आहे आणि मत आहे. नुसतं बोलवून खुर्ची देत नाहीत. आपल्याकडच्या किती समित्यांवर असं आहे, ते तुम्हीच सांगा.

पण सध्या गटाची वर्गणी घटलीय. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, त्यात कित्येक ठिकाणची टीबीची कामं बंद पडली. नोव्हेंबरात फंडाची बैठक झाली. १८०० कोटी डॉलर हवे होते, ११३४ कोटी जाहीर झाले. मोठा सभासद हप्ता थकवतो तेव्हा पहिला फटका कोणाला बसतो, हे या सभेत समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये जगात साडेबारा लाख माणसं टीबीने गेली. आणि जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांतला एक आपल्या देशातला.

आता आपल्या हातातलं. दाद न देणाऱ्या टीबीसाठी सरकारने २०२४ मध्ये नवा उपचार मान्य केला, सगळा गोळ्यांचा, सहा महिन्यांचा, सुई नाही. त्यात तीच बेडाक्विलिन आहे. सगळ्याच टीबी रुग्णांना उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून. त्याआधी ५०० होते. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी बँकेचं पासबुक पाहून घ्या, पैसे जमा झालेत का. झाले नसतील तर सीआरपीताईंना सांगा. आपण ग्रामसंघाच्या ठरावासह लेखी अर्ज देऊ आणि पोच घेऊ.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळचा बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकी तपासा. आशाताई मागच्या रांगेत बसल्यात, डब्या आजच आणल्यात त्यांनी. चहा झाला की त्यांना भेटा. पहिली डबी मीच नेणार आहे, माझ्या सासऱ्यांसाठी.