धोटे की घोटे? रिझोल्यूशन कमी केल्यावर अक्षरांचं काय होतं

मी कौंडण्यपूरचा, तिवसा तालुक्यातला. गावी गेलो की 'कॉम्प्युटरवाला' म्हणून चार ठिकाणी बोलावणं येतंच, आणि एक गोष्ट हमखास दिसते: मॉनिटर १९२० बाय १०८० चा, अन् सेटिंग १३६६ बाय ७६८ वर. का? तर अक्षरं मोठी होतात. एक काका म्हणाले, "बाबू, मोठं दिसते ना, मंग काय बिघडलं?"

बिघडतं ते असं. एलसीडी पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. तुम्ही १३६६ बाय ७६८ निवडलं की कॉम्प्युटर जेमतेम साडेदहा लाख ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि ते सगळ्या पडद्यावर ताणावं लागतं. एका ठिपक्याला आडवी-उभी साधारण १.४ ठिपक्यांची जागा. मिस्त्री फरशी कापून कोपरा भरतो, पण पिक्सेल कापता येत नाही. मग शेजारच्या रंगांची सरासरी काढतात. काळ्या-पांढऱ्याच्या मधे राखाडी येतो, आणि तेच धूसर दिसतं.

इंग्रजी अक्षरं हे बऱ्यापैकी सोसतात. देवनागरीचं तसं नाही. 'ध' आणि 'घ' यांत फरक कुठे आहे? डोक्यावर. 'ध'ची शिरोरेषा सुरुवातीला तुटलेली असते. 'भ' आणि 'म'चंही तेच. बारीक अक्षरात ती मोकळी जागा एक-दोन पिक्सेलची. तिच्यात राखाडी भरला की धोट्यांचे घोटे झालेच समजा. अनुस्वार, रफार तर आणखी नाजूक. दिवसभर सातबारे बघून फॉर्म भरणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्यांना किती ताण! नावात एक अक्षर चुकलं की बँकेत ते आधारशी जुळत नाही, आणि चकरा मारतो तो शेतकरी.

ही सवय जुन्या डबा मॉनिटरची आहे. तिथे चित्र इलेक्ट्रॉनच्या झोताने काढलं जायचं, ठिपक्यांची अशी पक्की चौकट नव्हती. ८०० बाय ६०० करा की १०२४ बाय ७६८, दोन्ही चालून जायचं. डबा गेला, सवय राहिली.

अजून एक गंमत. धूसर दिसतंय म्हणून स्क्रीनशॉट काढून कोणाला पाठवला, तर त्याला तो ठणठणीत दिसतो! कारण ताणाताणी चित्र कॉम्प्युटरच्या मेमरीतून निघाल्यावर होते. मग फोनवर समोरचा म्हणतो, "तुमचा चष्मा तपासा."

करायचं काय? डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. रिझोल्यूशनमध्ये ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा. अक्षरं मोठी हवीत ना, मग तिथेच 'स्केल' आहे, ते १२५ किंवा १५० टक्के करा. आता अक्षर मोठं होतं ते जास्त ठिपके वापरून, म्हणून धारदार राहतं. फक्त ब्राउझरपुरतं हवं असेल तर कंट्रोल आणि प्लस दाबलं तरी भागतं.

रेकमेंडेड आकडा यादीतच नसेल तर बहुतेक फॉरमॅट मारल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. आपल्याकडे हे फार होतं. आधी तो टाका.

स्केल वाढवल्यावर काही जुनी सॉफ्टवेअरं मात्र स्वतःच धूसर होतात, काहींची बटणं खिडकीबाहेर जातात. त्यांच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयची सेटिंग बदलून बघा. नाहीच जमलं तर तेवढ्या कामापुरतं रिझोल्यूशन उतरवा, माझी काही हरकत नाही. गेम खेळणारी पोरंही उतरवतात, ग्राफिक्स कार्डावरचा भार हलका होतो म्हणून. पळत्या गाडीवर कोण शिरोरेषा बघतंय?

आणि फोर-के मॉनिटरवाल्यांनो, ३८४० बाय २१६० चं १९२० बाय १०८० केलं तर बरोबर दुप्पट बसतं, एका ठिपक्याचे चार. हिशोबाने धूसर व्हायला नको, पण बरेच मॉनिटर तिथेही सरासरीच काढतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'इंटिजर स्केलिंग' मिळतंय का बघा.