कचेरी ढगात, किल्ली कुणाकडे?

(भातसानगर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भातसा धरणाच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना पाणी साठविणे म्हणजे काय, हे कुणी सांगावयास नको. पाऊस सह्याद्रीच्या या उतारावर पडतो, साठा शहापूर तालुक्यात होतो, तेथून पाणी नदीपात्राने पिसे येथील बंधाऱ्याकडे जाते आणि उपसले जाते. मुंबईला मिळणाऱ्या एकूण पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी या एका धरणाचे आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. साठा कुठे आहे ही एक गोष्ट, दरवाजा कुणाच्या हाती आहे ही दुसरी. हा भेद ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ‘क्लाऊड’वर चालणारी कचेरी समजावयास अवघड जाऊ नये.

नावात ढग असला, तरी प्रकार अगदी जमिनीवरचा आहे. पत्र, हिशेबाचा तक्ता, सभेचे इतिवृत्त यांची मूळ प्रत समोरच्या संगणकात राहत नाही. अक्षरे उमटत असतानाच ती इंटरनेटमार्गे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जतन होतात. झोहोचा ‘रायटर’ २००५ साली आला, गूगलचे ‘डॉक्स’ २००६ साली आणि मायक्रोसॉफ्टचे ‘ऑफिस ३६५’ २०११ साली. दोन दशकांत ही पद्धत बँकेपासून शाळेपर्यंत पोहोचली, याचे कारण तिची सोय खरी आहे.

छोट्या संस्थेच्या दृष्टीने ती सोय पाहावी. चिटणीस शहापुरात, कोषाध्यक्ष कल्याणला, हिशेब तपासनीस ठाण्याला. पूर्वी एकच अहवाल ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा नावांनी तिघांकडे फिरत असे आणि वार्षिक सभेत वाचला जाई तो नेमका चौथा! आता तिघेही एकाच वेळी एकच तक्ता उघडतात. कुणी कोणता आकडा केव्हा बदलला, याची नोंद राहते. चूक झाली तर मागच्या प्रतीवर जाता येते. कुणाला केवळ वाचू द्यावयाचे आणि कुणाला दुरुस्ती करू द्यावयाची, हेही ठरविता येते. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यांना इतकी पारदर्शकता कागदी वहीने क्वचितच दिली होती. तेव्हा या साधनाकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नाही.

परंतु जुलै २०२५ मध्ये जे घडले, ते नीट पाहिले पाहिजे. नायरा एनर्जी ही गुजरातेत वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणारी कंपनी. रशियाच्या रोसनेफ्टचा तीत सुमारे ४९ टक्के वाटा आहे. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व अन्य कार्यालयीन सेवा बंद केली. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे. भारताने ते निर्बंध मानलेले नव्हते, भारतातील कोणत्याही न्यायालयाने आदेश दिलेला नव्हता. तरीही भारतातील कर्मचाऱ्यांना स्वतःचीच पत्रे उघडेनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, टपालासाठी तिने मुंबईच्या रेडिफचा आश्रय घेतला. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली. नायरापाशी वकिलांची फौज होती. पतपेढीने किंवा आश्रमशाळेने कुणाचे दार ठोठवावे?

साठा देशात ठेवला की प्रश्न सुटला, असे काहींना वाटते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुणे, मुंबई व चेन्नई परिसरांत माहितीकेंद्रे सुरू केली. परंतु अमेरिकेच्या २०१८ च्या ‘क्लाऊड’ कायद्यानुसार तेथील कंपनीकडून, माहिती कोणत्याही देशात असली तरी, ती कायदेशीर आदेशाने मागविता येते. इमारत पुण्यात, कायदा वॉशिंग्टनचा!

म्हणून स्वदेशी पर्यायाचा विचार केवळ भावनेचा राहत नाही. श्रीधर वेंबू यांच्या झोहोने तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात बसून जगभर विकली जाणारी प्रणाली घडविली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल आता तिच्या मंचावर आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. तरी डोळे मिटून विश्वास नको. सप्टेंबर २०१८ मध्ये झोहोच्या संकेतस्थळाचे नाव ज्या परदेशी कंपनीकडे नोंदविलेले होते, तिने काही तक्रारींवरून ते नावच गोठविले आणि ग्राहकांचे काम काही तास खोळंबले. साखळीतील एक कडी परकी असली, तरी तेवढी पुरते.

इतक्या दूरच्या संकटांपेक्षा जवळचे संकट मात्र अधिक वेळा येते. संस्थेची सारी कागदपत्रे एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यात असतात. तो नोकरीनिमित्त परगावी जातो, भ्रमणध्वनी क्रमांक बदलतो, कधी रुसतो. संकेतशब्द त्याच्याबरोबर जातो. गूगलने तर दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. म्हणून खाते संस्थेच्या नावाने हवे, त्याचे नियंत्रण किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे हवे आणि पदाधिकारी बदलले की ठरावाने ते सुपूर्द व्हावयास हवे. बँकेच्या सह्या बदलतात, तसेच हे.

जुन्या मजकुराचीही एक अडचण आहे. श्रीलिपी वा शिवाजी फाँटमध्ये टंकलेली वीस वर्षांची इतिवृत्ते या नव्या कचेरीत उघडली, की अगम्य चिन्हांची रांग दिसते. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण विद्यार्थ्यांच्या सुट्टीत होण्यासारखे आहे. मात्र रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ताडून पाहावे.

आणि दरमहा बैठकीपूर्वी सर्व कागदपत्रे उतरवून घ्यावीत. एक प्रत कार्यालयातील हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे. ती उघडण्यासाठी लिबरऑफिस ही प्रणाली विनामूल्य मिळते, तिला इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात वीज आणि मोबाइलचा मनोरा दोन्ही गप्प झाले, तर बॅटरी असेतो लॅपटॉपवर लाभार्थ्यांची यादी त्या प्रतीतून वाचता येते.