वियोगाचे दुःख आणि आपली मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





कोणत्याही शाळेत अशी काही मुले असतातच, ज्यांची आई किंवा वडील हयात नाहीत. मय्यत होऊन चार-पाच वर्षे लोटलेली असतात. जियारत झाली, चाळिसावा झाला, इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, नातलग आपापल्या घरी गेले. आता सारे सुरळीत झाले, असे आपण समजतो. परंतु शोक पाळण्याला मुदत असली, तरी दुःखाला मुदत नसते.

हजरत खदीजा यांचे निधन इ. स. 619 मध्ये झाले. पाच वर्षांनी, 624 मध्ये, बद्रची लढाई झाली. त्यांच्या थोरल्या कन्या जैनब तेव्हा मक्केत होत्या आणि त्यांचे पती अबुल आस मुसलमानांच्या कैदेत होते. पतीच्या सुटकेसाठी जैनबने पैसे पाठवले, त्यासोबत एक हारही पाठवला. लग्नात आईने दिलेला तो हार होता. तो पाहताच पैगंबरसाहेबांचे अंतःकरण भरून आले. त्यांनी हुकूम केला नाही. आपली हरकत नसेल तर कैद्याला सोडावे आणि हार परत करावा, असे त्यांनी साथीदारांना सुचवले. साथीदारांनी ते मान्य केले. घरी बकरी कापली की खदीजांच्या मैत्रिणींकडे ते आवर्जून गोश्त पाठवत. गेलेल्या माणसाची आठवण काढणे हे सब्रच्या विरुद्ध असते, तर हे घडले असते काय?

आजचे अभ्यासकही वेगळे सांगत नाहीत. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात वर्डन आणि सिल्व्हरमन या संशोधकांनी आई किंवा वडील गमावलेल्या 125 मुलांचा दोन वर्षे अभ्यास केला. काही मुलांच्या अडचणी पहिल्या महिन्यांत दिसल्याच नाहीत. त्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दिसून आल्या. म्हणजे सांत्वनाला येणारी माणसे थांबतात, तेव्हाच एखाद्या मुलाला आधाराची खरी गरज लागते.

आपल्या घरांत मात्र काय होते? मुलांसमोर आई रडत नाही, आईला त्रास नको म्हणून मुले विचारत नाहीत, आणि वडिलांचे नावच घरातून नाहीसे होते. दहा वर्षांच्या मुलाला आपण म्हणतो, "आता घरातला कर्ता तूच." थोरल्या मुलीची नववीतून शाळा सुटते आणि तिच्या हाती स्वयंपाकघर येते. तिने एका वर्षात वडीलही गमावले आणि शाळाही गमावली.

पालकांना माझी विनंती आहे. "अब्बा दूरगावी गेले" असे लहान मुलाला सांगू नका. ते वाट पाहत बसते. मृत्यू झाला, हे साध्या शब्दांत सांगा. आठव्या वर्षी समजलेली गोष्ट मूल पंधराव्या वर्षी पुन्हा नव्याने विचारते. तेव्हा पुन्हा सांगा. अब्बा कसे हसत, कशावर रागावत, त्यांना कोणते कालवण आवडे, हे ईदच्या दिवशी दस्तरखानावर मोकळेपणाने बोला. वर्गशिक्षकांना घरची हकीकत कळवा. झोप, जेवण, अभ्यास अनेक आठवडे बिघडलेला राहिला, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नका. चुलते-मामांनी फीची व्यवस्था करावी. मुलीची शाळा सोडवणे हा शेवटचा उपायसुद्धा समजू नये.

विद्यार्थी मित्रांनो, असा सोबती तुमच्या वर्गात असेल, तर त्याला कीव दाखवू नका. डबा खाताना त्याच्या शेजारी बसा, खेळायला बोलवा. त्याला आठवण सांगावीशी वाटली, तर ती ऐका.

मरहूम आई-बापांसाठी दुआ तर आपण मागतोच. त्यांच्या मुलांचे शिक्षण पुरे होणे आणि त्यांचे नाव घरात प्रेमाने घेतले जाणे, ही त्या दुआची जोड आहे. ती आपल्या हातात आहे.