अर्जावरच्या अटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. या विषयावरचं भाषण बहुधा थंडी, व्हिसा आणि मेथीची जुडी कुठे मिळते यापलीकडे जात नाही. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट निवडली आहे. गोष्ट आहे फ्रान्समधल्या सौंदर्यस्पर्धेची, म्हणजे ‘मिस फ्रान्स’ची. बाई पहिल्या रांगेत बसलेल्या असताना हा विषय काढायला थोडं धाडस लागतं. पण शेवटी मी आपल्या संघाच्या शिष्यवृत्तीवरच येणार आहे, तेव्हा दहा मिनिटं सांभाळून घ्या.

कंपनीच्या कामासाठी मी अडीच वर्षं उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात होते. शेजारीच रुबे नावाचं गाव आहे. एके काळी कापड गिरण्यांसाठी प्रसिद्ध, आता गिरण्या बंद. सोलापूरच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. थोडं पुढे गेलं की कोळशाच्या खाणींचा पट्टा लागतो. तिथली शेवटची खाण १९९० साली बंद झाली. या सगळ्या भागाला नोर-पा-द-काले म्हणतात, आणि ‘मिस फ्रान्स’च्या अलीकडच्या इतिहासात या भागाचा मोठा दबदबा आहे. २०१५, २०१६, २०१८ आणि २०२४ या चार वर्षांचे किताब इथल्या मुलींकडे गेले. त्यांतली २०१६ ची इरिस मितनेर दंतवैद्यकाची विद्यार्थिनी होती आणि ती पुढे मिस युनिव्हर्सही झाली. २०२४ ची एव्ह झिल गणित आणि संगणकशास्त्र शिकत होती. तिचे केस बारीक कापलेले होते. मिस फ्रान्सचे केस एवढे आखूड कसे, यावरून तिथे समाजमाध्यमांवर केवढा वाद झाला! गणिताबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंची भाची खालच्या फेरीत उतरली होती, म्हणून त्या मला बघायला घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, झगमगाट असेल. प्रत्यक्षात ते नगरपालिकेचं सभागृह होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधेच खरखरणारा माइक, मागे सँडविचचा स्टॉल, आणि प्रत्येक मुलीमागे तिच्या घरचे दहा-बारा जण हातात फलक घेऊन. आपल्या गॅदरिंगला असतं तसंच. मुली आपापलं नाव, गाव, शिक्षण सांगत होत्या आणि आवाज थरथरत होता. आयोजकांतली बरीचशी मंडळी हौसेनं राबणारी होती. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की टीव्हीवर दिसते ती स्पर्धा म्हणजे नुसता कळस आहे. पाया या असल्या सभागृहांत आहे.

रचना साधारण अशी आहे. आधी जिल्ह्या-तालुक्याच्या पातळीवर स्पर्धा, मग प्रादेशिक अंतिम फेरी, आणि डिसेंबरात देशाची अंतिम फेरी. तिथे तीसच्या आसपास प्रादेशिक विजेत्या असतात. त्यात अल्सास, ब्रेताञ, नॉर्मंडी आहेत, तसेच हजारो किलोमीटर दूरचे ताहिती, रेयुनियाँ, ग्वादलूप आणि मार्तिनिकही आहेत. गंमत म्हणजे २०१६ मध्ये फ्रेंच सरकारनं प्रांत एकत्र केले आणि मुख्य भूमीवरचे २२ प्रांत १३ झाले. पण स्पर्धेनं जुनी नावं सोडली नाहीत. सरकारी नकाशावर नोर-पा-द-काले आणि पिकार्दी एक झाले, तरी स्पर्धेत दोघींच्या पट्ट्या अजून वेगळ्या आहेत. अंतिम फेरीआधी सामान्यज्ञानाची लेखी परीक्षा होते, मुलाखती होतात, आणि शेवटच्या निवडीत परीक्षकांबरोबर प्रेक्षकांचीही मतं धरली जातात.

एवढं सगळं पाहून कुणालाही वाटेल, की निवड अगदी चोख आहे. इतके टप्पे, इतके परीक्षक, वर जनतेचं मत. पण माझं लक्ष गेलं ते अर्जाकडे.

या स्पर्धेची परंपरा १९२० पासून सांगतात. मोरिस द वालेफ नावाच्या पत्रकारानं ती सुरू केली. स्पर्धक तरुणींची चित्रं सिनेमागृहांत दाखवायची आणि प्रेक्षकांनी मत द्यायचं, अशी पद्धत. त्यातून आन्येस सूरे ही बास्क भागातली मुलगी निवडली गेली. पुढे १९५० च्या दशकात झ्नेव्हिएव्ह द फाँतने ही बाई या कामात आली आणि २०१० पर्यंत राहिली. कायम मोठी टोपी घालणारी, शिस्तीची, मुलींच्या वागण्यावर करडी नजर ठेवणारी. २०२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती वारली. या सगळ्या काळात अर्जावरच्या अटी लोकांच्या अंगवळणी पडल्या होत्या. वय १८ ते २४. अविवाहित. लग्न झालेलं नसावं, मूल नसावं. उंची किमान १ मीटर ७० सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच.

मार्तिनिक हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथे २०११ साली आंजेलिक आंगार्नी-फिलोपॉन नावाची वीस वर्षांची मुलगी प्रादेशिक स्पर्धेत उपविजेती ठरली. उपविजेती म्हणजे घरी. पॅरिसला जाते ती फक्त विजेती. पुढे काही वर्षांत तिनं चोविशी ओलांडली आणि दार बंद झालं. ती विमानात हवाई सुंदरी म्हणून काम करू लागली. तिच्यात काय कमी होतं, हे कुणी तपासलं नाही. तपासायची वेळच आली नाही, कारण अर्जावरच्या एका ओळीनं ते काम केलं होतं.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एका स्त्रीवादी संघटनेनं आणि स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या तीन तरुणींनी बोबिन्यी इथल्या कामगार न्यायालयात दावा लावला. त्यांचा मुद्दा सरळ होता. या मुली टीव्हीच्या कार्यक्रमासाठी दिवसच्या दिवस तालमी करतात, रंगमंचावर उभ्या राहतात, त्यातून कंपनी पैसे मिळवते. मग हे काम नाही तर काय? आणि काम असेल, तर ‘तुझं लग्न झालंय का, मूल आहे का’ हे विचारून बाई नाकारता येत नाही. निकाल त्यांच्या बाजूनं लागला नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं मागणी फेटाळली. पण तोवर गाडी पुढे गेली होती. अंतिम कार्यक्रमासाठी मुलींशी नोकरीचा करार करायचं आयोजकांनी २०२१ मध्येच मान्य केलं होतं, आणि २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादा काढली, लग्नाची आणि मुलांची अट काढली. कागदोपत्री स्त्री असलेल्या पारलिंगी स्पर्धकांनाही दार उघडलं.

त्यानंतर २०२४ मध्ये आंजेलिक परत आली. तेरा वर्षांनी, त्याच मार्तिनिकच्या स्पर्धेत. या वेळी ती जिंकली. डिसेंबरात देशाच्या अंतिम फेरीत उभी राहिली आणि तिनं सांगितलं, की आपण त्या सगळ्या बायकांसाठी उभ्या आहोत ज्यांना ‘आता उशीर झाला’ असं ऐकवलं गेलं. वयाच्या ३४ व्या वर्षी ती ‘मिस फ्रान्स २०२५’ झाली. मार्तिनिकला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

आता आमच्या धंद्यातलं एक सांगते. हजारो नोंदींतून हव्या त्या काढायच्या असतील, तर आम्ही संगणकाला अटी देतो. वय इतकं, गाव अमुक. संगणक अटीत बसतात तेवढ्याच ओळी समोर ठेवतो. गळालेल्या ओळी तो दाखवत नाही. समोरची यादी बघून तुम्हाला वाटतं, जगात एवढीच माणसं आहेत. त्यातून तुम्ही कितीही प्रामाणिकपणे निवडा, जी यादीतच नाही तिच्यावरचा अन्याय तुम्हाला दिसणार नाही. परीक्षक वाईट नसतात. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

मी या स्पर्धेची वकिली करायला उभी नाही. पोहण्याच्या कपड्यांतली फेरी अजून आहे. उंचीची अट अजून आहे, आणि त्या अटीत इथली आमची जवळजवळ सगळी तुकडी बाद होईल. बायकांना असं उभं करून गुण द्यावेत का, हा प्रश्न तर आहेच. पण मला एवढंच म्हणायचंय: जिला आपण जुनाट म्हणून हसतो, त्या स्पर्धेलासुद्धा आपला अर्ज काढून एकेका अटीपुढे ‘ही कशासाठी?’ असं विचारावं लागलं. मग आपण का विचारू नये?

आपला संघ या वर्षीपासून शाळेच्या माजी विद्यार्थिनींना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणार आहे. फार चांगली गोष्ट आहे, आणि ज्यांनी त्यासाठी दारोदार फिरून पैसे जमवले त्यांना माझा नमस्कार. अर्जाचा मसुदा मी वाचला. त्यात तीन अटी आहेत. वय २१ च्या आत. अर्जदार अविवाहित असावी. शिक्षणात खंड नसावा. हेतू वाईट नाही, हे मी जाणते. लग्न करून मुलगी शिक्षण सोडेल आणि पैसा वाया जाईल, ही भीती आहे.

पण आपापल्या तुकडीतल्या मुली आठवा. दहावीनंतर किती जणींची लग्नं झाली? आईबरोबर विड्या वळायला, गारमेंटच्या कारखान्यात शिवणाला किती जणी बसल्या? खंड पडला म्हणून त्यांना शिष्यवृत्तीची गरज आहे, आणि खंड पडला म्हणूनच आपण त्यांना नाही म्हणणार? आमच्याच वर्गातली एक मैत्रीण इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगते. सतराव्या वर्षी शाळा सुटली, दोन मुलं झाली, आणि ३३ व्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बारावी झाली. फीचे पैसे तिनं भिशीतून उभे केले. आज ती अंगणवाडी सेविका आहे, वस्तीतली पंचवीस-तीस मुलं तिच्या हाताखाली अक्षरं गिरवतात. आपल्या अर्जात ती तिन्ही अटींवर बाद झाली असती. आपल्या निवड समितीला तिचं नावसुद्धा कळलं नसतं.

कुणी म्हणेल, अटी काढल्या तर अर्जांचा ढीग पडेल आणि पैसा तर मोजकाच आहे. पडू दे ढीग. आम्ही संगणकवाले आहोत की, अर्ज लावून द्यायचं काम मी घेते. पण कुणाला द्यायची हे माणसांनी अर्ज वाचून, घरी जाऊन, बोलून ठरवावं. ते कष्टाचं काम आहे, आणि अट घातली की ते कष्ट वाचतात. खरं सांगायचं तर अटी पुष्कळदा त्याचसाठी असतात. फ्रान्समध्ये वयाची अट गेली म्हणून तिशी-चाळिशीच्या बायकांची झुंबड उडाली नाही. आजही बहुतेक स्पर्धक विशीतल्याच असतात. फरक एवढाच पडला, की जिला यायचं होतं तिला येता आलं.

दुपारच्या सर्वसाधारण सभेत हा मसुदा मंजुरीला येणार आहे. माझी सूचना अशी: या तीन अटी काढाव्यात. तीन गोष्टी पुरेत. ती आपल्या शाळेत शिकलेली असावी, घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावं, आणि पुढच्या प्रवेशाचा कागद हातात असावा. मग ती अठराची असो की चाळीसची, गळ्यात मंगळसूत्र असो की नसो. सूचनेला एक अनुमोदक लागतो. जेवण झाल्यावर लगेच निघून जाऊ नका, एवढीच विनंती.