जलपक्ष्यांचे छायाचित्रण आणि गावतळ्याची राखण
(खानापूर येथील भाषण)



कणकुंबी येथे उगम पावून मलप्रभा ज्या खानापूर तालुक्यातून वाहते, तेथील जनतेला पाण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गावतळ्यावरील टिबुकली, पाणकावळा, बगळा, खंड्या हे पक्षीही आपल्या नित्य परिचयाचे आहेत. हिवाळ्यात दूरचे पाहुणे येतात. गोकाकजवळ धुपदाळ बंधाऱ्याच्या जलाशयावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. तेथे कांड्या करकोचे उतरतात. गदग जिल्ह्यातील मागडी तलावावर हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. या तलावाचा २०२४ साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला.

आज जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा तरुणांचा उत्साह स्तुत्यच होय. परंतु त्यास संयमाची जोड हवी. टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींवर तरंगते असते. घरटे सोडताना ती अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. कोणी एकाएकी जवळ गेल्यास तिला तेवढाही अवधी मिळत नाही. उघडी पडलेली अंडी मग उन्हाने नासतात किंवा कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. पट्टकदंब दिवसा पाण्यावर विसावतो. त्यास वारंवार उडविल्यास परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती व्यर्थ खर्च होते.

इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे ताणून पोकळ बैल तयार केला व त्यात दडून पाखरांची छायाचित्रे घेतली. चरणाऱ्या गुरांना पाखरे भीत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हशीच्या पाठीवर निर्धास्त बसलेला बगळा आपण रोजच पाहतो. आपणांस असा बैल बनविण्याची आवश्यकता नाही. पहाटे जाऊन, सूर्य पाठीशी ठेवून, बांधाच्या आडोशाला निश्चल बसावे. थोड्या वेळाने पाखरे आपणहून जवळ येतात. पक्ष्याने चरणे थांबवून मान उंचावली, की तो सावध झाला असे समजून मागे सरावे. घरट्याचे छायाचित्र घेऊ नये. पाखरे उडावीत म्हणून खडे मारू नयेत, ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत. वन्य पक्ष्यांची शिकार करणे व त्यांची अंडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक छायाचित्राखाली तिथी, स्थळ व पक्ष्यांची संख्या लिहून घ्यावी. अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्यास कोणते पाखरू केव्हा आले व कोणते येईनासे झाले, हे गावास कळेल. पंचायतीने तळ्याचा गाळ काढताना काठचे लव्हाळे काही भागात तसेच राखावे. पावसाळ्यात पुष्कळ जलपक्षी त्याच आश्रयाने घरटी बांधतात. संबंधित अधिकाऱ्यांनीही कामाचे वेळापत्रक आखताना विणीचा काळ टाळावा.

छायाचित्र घेऊन परतताना पाखरू होते तेथेच निश्चिंत चरत असेल, तर ते छायाचित्र खऱ्या अर्थाने यशस्वी झाले असे मानावे.