पिकअपची मिटणारी पायरी



दार उघडताच बाहेर येणारी आणि दार लावल्यावर आपोआप मिटणारी विजेची पायरी फोर्ड एफ-१५० सारख्या अमेरिकन पिकअपवर कारखान्यातूनच मिळते. आपल्याकडेही काही जण ती उंच गाड्यांना बाहेरून बसवून घेतात. पायरी मोटर हलवते, पण माणसाचा भार बिजागऱ्या पेलतात. काळ्या रानातला चिखल त्यांत वाळला की मोटर नुसती घुरघुरते आणि पायरी अर्धीच बाहेर येते. सवयीने पाय टाकणारा सरळ खाली जातो. हातात दुधाचा कॅन असेल तर विचारूच नका!

म्हणून चिखल ओला असतानाच पायरी बाहेर काढून बिजागऱ्या पाण्याने स्वच्छ धुवाव्यात. वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा मारावा. ट्रॅक्टरच्या सवयीने ग्रीस भरू नये. उघड्या सांध्यावर ते धूळ धरून ठेवते. फवारा पाय ठेवण्याच्या जागी मात्र उडू देऊ नका, पाय घसरेल. धुताना मुलांना लांब ठेवा. कोणी दार लावले तर पायरी मिटते आणि बोटे सापडतात. बांधाला खेटून गाडी उभी करताना, सोय असल्यास, पायरी बटणाने आधीच बंद करावी. आणि पंक्चर झाले तर जॅक पायरीखाली लावू नये, चासीखाली नेमून दिलेल्या जागीच लावावा.