कर्ता कुठे गेला?



शाल खांद्यावर आहे तोवरच एक कबुली देऊन टाकतो. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवले, ही 'बातमी' मी एकदा परिपाठात छाती फुगवून वाचली होती. नंतर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे कुठल्या पेपरात आलंय?" माझ्याकडे पेपर नव्हता, मोबाईल होता. युनेस्कोने असे काही ठरवलेच नव्हते, हे मला त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी परिपाठात ते सांगितले. पाय मात्र जड झाले होते.

काल इथल्या परिसंवादात माध्यमसाक्षरतेसाठी वेगळा तास हवा, पुस्तिका हवी, अशी मागणी झाली. पुस्तिकांचे आपल्याकडे काय होते, ते शाळेच्या कपाटांना विचारा. मला वाटते, हे काम मराठीच्याच तासाचे आहे आणि त्याचे हत्यार आपण वर्षानुवर्षे परजतो आहोत. कर्तरी, कर्मणी, भावे!

नववीच्या फळ्यावर मी एकदा दोन मथळे लिहिले. घटना एकच, पेपर दोन. 'शेतकऱ्यांवर पोलिसांचा लाठीमार' आणि 'आंदोलनाला हिंसक वळण'. पहिल्यात करणारा कोण? पोलीस. दुसऱ्यात? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "वळण, सर." सगळे हसले, पण पोराने नेमके पकडले होते. घाटरस्त्याला असते तसे ते वळण आपोआप आले. वळवले कुणीच नाही. आतल्या मजकुरात 'रस्ता मोकळा करण्यात आला', 'असे समजते', 'अशी चर्चा आहे'. मुलांनी अशा प्रत्येक ओळीखाली लाल पेनाने 'कोणी?' लिहिले. तास संपला तेव्हा कात्रणाला गोवर आल्यासारखे दिसत होते.

एका मुलीने पुढचा प्रश्न काढला: आधी दगड पडला की काठी? पहिला मथळा त्याबद्दल गप्पच होता. दोन्ही खरे असू शकतात, आणि दोन्ही अपुरे. वार्ताहराने कर्ता गाळला म्हणजे तो विकला गेला, असेही नव्हे. कधी नाव खरोखरच कळलेले नसते. 'सगळे पेपर खोटेच' म्हणणारा विद्यार्थी मला नको आहे. त्यालाही वाचायचा कंटाळाच असतो.

हे सगळे व्याकरणाचे चोचले वाटत असतील, तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. कोणी पाहिली? कर्ता नाहीच. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे पोर उचलून पसार होतात. मूळ फीत कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी केलेली. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. उताऱ्याचा शेवटचा परिच्छेद फाडून 'सारांश लिहा' म्हणावे, तसे.

दहावीला आपण बातमीलेखन शिकवतो, जाहिरातलेखन शिकवतो. जाहिरात आकर्षक झाली की गुण देतो. ती वाचायची कशी, याला गुण नाहीत. माझी मागणी छोटी आहे: उपयोजित लेखनात एक कात्रण छापा आणि विचारा, यात काय सांगितलेले नाही? तपासायला त्रास होईल, उत्तरे ठरीव येणार नाहीत. होऊ द्या.

या भाषणाची बातमीही उद्या येईल. 'मराठीच्या तासाला वृत्तपत्रांचे वाचन करण्यात यावे, असे मत व्यक्त करण्यात आले', असे तीत छापलेले दिसले, तर लाल पेन हाताशी ठेवा.